सुतकात धुतलेली तोंडं

कुसुमवर अन्याय झाला. गेल्या संक्रांतीच्या दुपारी, चारच्या सुमारास, आमच्या लष्कर शहरात नई सडकेच्या मागच्या गल्लीतल्या एका प्रतिष्ठित घरी हळदीकुंकवाला दिवाणखाना भरलेला असताना, तिच्या सासूबाईंनी तिच्या हातातला कुंकवाचा करंडा काढून घेतला आणि थोरल्या सुनेच्या हाती दिला. कुसुमचा तो पहिला संक्रांतसण होता. अंगावर काळी चंद्रकळा, गळ्यात-हातात हलव्याचे दागिने. करंडा गेल्यावरही ती तशीच हात पुढे धरून उभी राहिली. मग कुणीतरी तिला आत जायला सांगितलं.

मारहाण झाली नाही. कुणी वाईट शब्द बोललं नाही. आमच्या लष्करातली चांगली घरं अन्यायसुद्धा रीतभात सांभाळून करतात.

घडलं होतं ते असं. एका पाहुण्या बाईनं कुसुमला कुंकू लावण्याआधी पदराच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं. भुकटीचा थर पदराला आला आणि खाली एक पांढरा डाग निघाला. डागाच्या कडेला ओली खपली. ती बाई शेजारणीच्या कानात काय म्हणाली ते सगळ्या दिवाणखान्याला ऐकू गेलं, कारण कानात बोलण्याची आमच्याकडे हीच पद्धत आहे. ती म्हणाली, "कोड." आता कोड असलेल्या बाईच्या हातून सुवासिनींनी कुंकू कसं लावून घ्यायचं?

घराचं आडनाव मी देत नाही. त्या घरात दोन वकील आहेत, आमच्या महिला मंडळापाशी एकही नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा बजावलं की दिवाळीचा अंक आहे, जरा गोडाचं असू द्या. शिवाय असे लेख बहुधा पेन्शनीत गेलेली माणसं लिहितात, तुम्ही अजून तरुण आहात, तेव्हा भाषा बेताची ठेवा. मी म्हटलं, पेन्शनीपर्यंत थांबले तर निम्म्या वाचक भगिनींच्या तोंडावर कातडी शिल्लक राहायची नाही. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मी लष्करातल्या एका बायकांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत काम करते. डॉक्टरीणबाई तपासतात, औषध ठरवतात. धुणं, पुसणं, पट्टी बांधणं माझ्याकडे. गळवं येतात, भाजलेले हात येतात, पण आजवर सगळ्यात जास्त काय धुतलं असेल तर बायकांची तोंडं. संध्याकाळी मी आमच्या महिला मंडळाची पत्रकं लिहिते. मंडळातल्या बाकीच्या भगिनी त्या वेळात भरतकाम करतात. भरतकामाचं प्रदर्शन भरतं आणि त्याला मोठमोठी माणसं येतात. पत्रकांचं काय होतं ते पुढे सांगते.

आधी धंद्याची गोष्ट, म्हणजे बाहेरच्या माणसाला कळेल.

तोंड गोरं दिसावं म्हणून जी भुकटी नई सडकेवर मिळते, तिच्यात बहुतेक करून सफेदा असतो. सफेदा म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग. दारं-खिडक्या रंगवतात तोच. आमच्या दवाखान्याच्या खिडक्यांना रंग देणारा रंगारी काम संपलं की हात रॉकेलनं धुतो, मग साबणानं धुतो, मगच भाकरीला शिवतो. आमच्या भगिनी तोच पदार्थ सकाळी तोंडाला लावतात, दुपारी वर आणखी एक हात देतात आणि रात्री त्याच तोंडानं झोपतात. दाराला निदान मधूनमधून कुणी घासून काढतं.

थराखाली कातडी गुदमरते. उन्हाळ्यात आमच्याकडे लू, म्हणजे भाजणारा वारा, सुटली की घाम थराखालीच अडकतो. हिवाळ्यात थराला भेगा पडतात आणि कातडीलाही पडतात. पुटकुळ्या येतात, त्या पिकतात, डाग राहतात. डाग झाकायला जास्त भुकटी. शिसं हळूहळू आत उतरतं, हिरड्यांवर निळसर रेघ उमटते, तोंडाचा रंग राखेसारखा होतो. राख झाकायला आणखी भुकटी. व्यापारात असं गिऱ्हाईक मिळत नाही हो. मालच गिऱ्हाइकाला घडवतो.

कुंकवाचं वेगळं रडगाणं. हळदीचं कुंकू महाग आणि फिकट, म्हणून बाजारात लालभडक मिळतं, त्यात शेंदूर तरी असतो नाहीतर कसला तरी रंग. खाली मेण लावून रोज त्याच जागी ते चिकटवायचं. ज्याच्या कातडीला ते सोसत नाही त्याला आधी खाज, मग ओली खपली, मग त्या जागचा रंगच उडतो आणि पांढरा डाग राहतो. हे कोड नव्हे. कोड आपलं आपण येतं. हे आपण बोलावून आणतो, पाटावर बसवतो आणि रोज पूजा करतो.

उपाय? गोड्या तेलात कापूस भिजवून थर सोडवायचा. ओढायचा नाही, घासायचा नाही. मग कोमट पाणी, मऊ जुनं धोतर, आणि खरोखर चिघळलेलं असेल तेवढ्याच जागी जस्ताचं मलम. त्यानंतर काय लावायचं? काही नाही. हे 'काही नाही' बायकांना पटत नाही. बाटली नाही, पुडी नाही, पथ्य नाही, हा कसला दवाखाना? पुष्कळ जणी इथून उठून थेट वैद्याकडे जातात आणि तो बिचारा त्यांना लेप देतो.

एकदा एका मामलेदारीणबाईंचं तोंड मी धुतलं. सोबत त्यांची तीन वर्षांची मुलगी होती. धुऊन झालं, बाईंनी हात पुढे केले, आणि मुलगी किंचाळत माझ्याकडे पळाली. तिनं जन्मात आईचं तोंड पाहिलं नव्हतं. बाई आधी हसल्या, मग रडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा थर लावू लागल्या, का, तर मुलगी घाबरते.

एक पुरुषही आला होता. बायकांच्या दवाखान्यात पुरुष कसा, तर तो एका नाटक मंडळीतला स्त्रीपार्टी होता आणि त्याला वाटलं की आपला हक्क पोचतो. मानेवर पुरळ उठलं होतं. स्वतःच्या रंगाचा त्याला फार अभिमान. आरसा मागून घेतला आणि पट्टी कशी दिसते ते चारही बाजूंनी पाहिलं. मी विचारलं, रोज एवढा रंग लावता, मग तोंड इतकं नितळ कसं? म्हणाला, "ताई, पडदा पडला की मी खोबरेल लावून सगळं उतरवतो. तुमच्या बायकांचा पडदाच पडत नाही." हे वाक्य मी पुढच्या पत्रकात घातलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ते काढलं. म्हणाल्या, नाटकवाल्याचं वाक्य कुलीन बायकांपुढे नको.

आता पत्रकांची गत. आम्ही ती छापून नई सडकेवर वाटत असू, आणि विशेषतः त्या लालाजींच्या दुकानासमोर, जिथे 'चांदणी' नावाची भुकटी सुटी मिळते. लालाजी सज्जन माणूस. कधी हुसकावलं नाही, उलट उन्हात उभी राहिले की पाणी पाठवीत. मला वाटलं, मन पालटतंय. एके दिवशी दुकानात डोकावले तर लालाजी चांदणी तोलत होते आणि पुड्या बांधत होते माझ्याच पत्रकांत. लोक पत्रक घेऊन चार पावलांवर टाकीत, लालाजींचा नोकर ते गोळा करी. छापील बाजू आत. मी विचारलं, हे काय? लालाजी अगदी मनापासून म्हणाले, "बहनजी, आपका काग़ज़ बहुत अच्छा आता है. और छपवाइए."

म्हणजे माझा इशारा लष्करातल्या प्रत्येक चांगल्या घरात पोचत होता. विषासकट.

कुसुमच्या घरीही तसाच पोचला. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत तिच्या सासूबाई तिला पडदा लावलेल्या टांग्यातून दवाखान्यात घेऊन आल्या. घरात त्यांना माईसाहेब म्हणतात. उंच, सरळ, पांढऱ्याफेक. बाकीच्या बाया दवाखान्यात रांगेत बसतात. माईसाहेब उभ्या राहिल्या आणि रांगच बाजूला झाली. मला पाहून म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या पत्रकवाल्या? आमच्याकडे असतं हो तुमचं पत्रक. पुडीला."

त्यांना औषध नको होतं. डॉक्टरीणबाईंनी 'कोड आहे' एवढं म्हणावं, म्हणजे मुलीच्या माहेरच्यांनी फसवलं असं ठरेल, मुलगी परत पाठवता येईल आणि मुलाचं दुसरं बघता येईल. हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, घडी घातलेल्या लुगड्यासारखं. कुसुम शेजारी खाली बघत बसली होती. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिचं तोंड धुतलं. थर इतका होता की पाणी तीनदा बदलावं लागलं. खालून निघाली ती सावळी, तरतरीत, खानदेशाकडची असते तशी मुलगी. गालांवर पिकलेलं पुरळ, ओठांशी भेगा आणि कपाळाच्या मधोमध, नेमका टिकलीच्या जागी, डाग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कोड नव्हे. रोजच्या भुकटीनं आणि कुंकवाखालच्या मेणानं झालंय, बंद केलं की खपली वाळेल, डागही भरेल कदाचित. माईसाहेब म्हणाल्या, "ही भुकटी मी लग्न होऊन आले तेव्हापासून लावतेय. मला कुठं काय झालंय?"

आणि खरंच, त्यांना काय झालंय ते कोण सांगणार? तोंड पाहिलेलं माणूस हवं ना.

मग सवाल असा की लग्नाआधी कुसुमच्या कपाळावर हे होतं की नव्हतं. मी साधं विचारलं, तुमच्यापैकी कुणी हिला आधी पाहिलं असेल ना? ऐका उत्तर. मुलगी दाखवायला आणली तेव्हा तिच्या मामीनं तिला थापून बसवलं होतं, कारण सावळी मुलगी सावळीच दाखवायची म्हणजे माहेरचा निष्काळजीपणा. लग्नात सूनमुख झालं. सूनमुख म्हणजे सासूनं सुनेला शेजारी घेऊन आरशात तिचं तोंड पाहायचं. माईसाहेबांनी पाहिलं. आरशात दोन तोंडं होती, दोन्ही चांदणीची. घरी आल्यावर रोज सकाळी थोरली जाऊ तिला रंगवून देई, कारण गोऱ्या घरात काळी सून फिरली तर लोक काय म्हणतील. नवरा, वसंतराव, दरबारच्या कचेरीत आहेत. ते घरी येत दिवेलागणीनंतर आणि बायको समोर येई ती थरासकट. माईसाहेबांनीच हे सगळं अभिमानानं सांगितलं. आमच्या घरची सून कधी अशी-तशी दिसली नाही, म्हणाल्या.

थोडक्यात, लग्न दोन डब्यांचं लागलं होतं, आणि आता एका डब्याला डाग निघाला म्हणून दुसरा डबा फिर्याद करीत होता.

कुसुम तेव्हा पहिल्यांदा बोलली. "दादानं पाहिलंय मला," ती म्हणाली. माईसाहेब म्हणाल्या, भाऊ तर म्हणणारच. आणि मला म्हणाल्या, "पोरी, तुझं लग्न झालं नाही. नवऱ्यापुढे कसं दिसावं लागतं ते तुला दवाखान्यात नाही कळायचं." हे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. जणू कातडी लग्नानंतर वेगळी फुटते.

पट्टी करायची परवानगी मिळाली ती एवढ्यासाठीच की वाहतं तोंड घरात बरं दिसत नाही. पण घरी गेल्यावर पट्टी काढून वर थर दिला जाई आणि पुढच्या खेपेला मी पुन्हा धुवायची. बऱ्हाणपूरला कुसुमच्या भावाला निरोप गेला की येऊन बहिणीला घेऊन जा. कुसुमला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला ते धोब्याच्या बायकोकडून कळलं. मला म्हणाली, "मी गेले तर चालेल हो. पण कोडाची म्हणून गेले तर धाकट्या बहिणीचं लग्न कोण करेल?" पणाला काय लागलं होतं ते तिनं एवढ्याच शब्दांत सांगितलं. मी त्यावर दोन पत्रकं लिहिली. लालाजींची दोन दिवसांची सोय झाली.

आणि मग उज्जैनला त्या घराचे एक चुलत चुलत काका वारले.

त्यांना या घरातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नव्हतं. देव त्यांचं भलं करो. मी आजवर जे बोंबलून सांगत आले ते त्यांनी न बोलता करून दाखवलं. कारण सुतक. दहा दिवस. तेल नाही, भुकटी नाही, काजळ नाही, दागिने नाहीत. सुवासिनीची टिकली तेवढी सुटत नाही, पण तीसुद्धा घरच्या हळदीकुंकवाची, बोटानं टेकवलेली. मेण चालत नाही. आमच्या लोकांना कातडी मेली तर चालतं, नियम मोडलेला चालत नाही. तेव्हा त्या घरातल्या सगळ्या बायकांनी त्याच दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, तोंडं धुतली आणि भुकटीचा डबा कपाटावर ठेवून दिला.

सुतकात बाहेर पडायचं नाही म्हणून पट्टीला मलाच घरी बोलावलं. दारात पोचले आणि क्षणभर वाटलं, घर चुकले. सोप्यावर चार बायका बसल्या होत्या, त्यांतली एकही ओळखीची नव्हती. समाचाराला आलेली एक म्हातारी पुढे गेली आणि थोरल्या सुनेला माईसाहेब समजून, हात धरून, दुःख करू लागली. सुनेचं वय असेल तिशीच्या आतबाहेर. कुणी हसलं नाही, सुतक होतं. पण त्या सुनेनं पदर नाकापर्यंत ओढला तो मी असेपर्यंत खाली आला नाही.

मग माईसाहेब बाहेर आल्या, आणि त्यांना मी ओळखलं ते चालण्यावरून. तोंड राखेच्या रंगाचं. गालांवर जुने खड्डे. आणि कपाळाच्या मधोमध बंद्या रुपयाएवढा पांढराशुभ्र डाग, त्यात हळदीकुंकवाची बारीक टिकली, जशी पाटावर सुपारी.

मी काही बोलले नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझी ख्याती वेगळी आहे. रोज जायची, कुसुमचं तोंड कोमट पाण्यानं धुवायची, मलमाचं बोट लावायची आणि परत यायची. खपल्या वाळल्या. ओठ भरले. गालांवरचं पुरळ बसलं आणि तिचा स्वतःचा रंग वर आला, चुलीवर जमलेल्या दुधाच्या सायीखाली असतो तसा, जरासा तांबूस. थोरली जाऊ एकदा मला जिन्याखाली गाठून म्हणाली, "इंदूताई, माझी खाज गेली हो. हे सुतक महिनाभर असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, उज्जैनला आणखी कुणी आजारी आहे का विचारा.

सुतक फिटलं त्याच दिवशी सकाळी कुसुमचा भाऊ गाडीनं उतरला. दिनकर त्याचं नाव, बऱ्हाणपूरला शाळामास्तर. त्याला बाहेरच्या ओसरीवर बसवलं होतं, चहा दिला होता, सासरे त्याच्याशी हवापाण्याचं बोलत होते. वसंतराव शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान उलटल्याचा आवाज मी होते तोपर्यंत आला नाही. मी शेवटची पट्टी बघायला आले होते. आत माजघरात सगळ्या बायका न्हाऊन बसलेल्या आणि मध्ये, कपाटावरून उतरवलेला, तो डबा. डब्यातली पुडी माझ्या पत्रकात. माईसाहेबांनी पुडी सोडली आणि थोरलीला म्हणाल्या, आधी हिला तयार करा, भावापुढे अशी कशी जाईल. मग कुसुमला म्हणाल्या, तुझी ट्रंक भरून ठेवलीय.

कुसुम म्हणाली, "मला काय झालंय म्हणून सांगणार आहात दादाला?"

"जे आहे ते."

मी पट्टीचं सामान गुंडाळत होते. म्हटलं, "माईसाहेब, कोड असेल तर या घरात दोन आहेत. टांग्यात जागाही दोघींना पुरेल."

माईसाहेबांचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला, कारण तो कपाळाला लागला असता तर सगळं मान्य झालं असतं. पण सगळ्यांनी दहा दिवस ते कपाळ पाहिलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे लहानपणी भाजलेलं आहे."

कुसुम त्यांच्याकडे बघत होती. आवाज चढवला नाही, डोळे भरले नाहीत. म्हणाली, "मग माझंही भाजलेलं म्हणा."

एवढंच. मी बारा पत्रकांत जे मांडू शकले नाही ते त्या पोरीनं एका ओळीत मांडलं, आणि कागदसुद्धा लागला नाही.

माईसाहेबांनी ती पुडी पुन्हा बांधून डब्यात ठेवली. मग झाकण लावलं. थोरलीला म्हणाल्या, "दिनकररावांचं पान मांड." आणि मग, भिंतीकडे बघत, "राहू दे हिला. ते भाजलेलंच असेल." क्षमा मागणं त्या घरात माहीत नाही, तेव्हा हे वाक्य क्षमेच्या बरंच जवळ गेलं असं मी धरते. मी त्यांचा पक्ष घेत नाही. पण आरशात कधी स्वतःचं तोंडही न पाहिलेली बाई होती ती. तिच्या सासूनं तिलाही असंच रंगवून उभं केलं असणार, आणि तिला 'राहू दे' म्हणायला कुणी नसणार.

मला वाटलं, जिंकलो. मी तर मनात पत्रकाचा मथळाही जुळवला होता.

कुसुम म्हणाली, "नाही. दादाला बोलावलंय तर मी जाते. पण ओसरीवर जाऊन तुम्हीच सांगा, मी माहेरपणाला चालले आहे म्हणून." मग शेजारच्या खोलीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली. "मी या घरात रंगवून आले होते. कुणाला माझं तोंड बघायचं असेल तर त्यांनी तिकडे यावं. तिकडे मी तोंड धुऊनच असते."

माईसाहेब स्वतः ओसरीवर गेल्या. पदर कपाळापर्यंत घेतला होता, पण गेल्या, आणि माहेरपण म्हणाल्या. सासरे म्हणाले, हो हो, माहेरपणच. दोन वकिलांचं घर ते, शब्द फिरवायला वेळ लागत नाही. कुसुम जेवून निघाली. टांग्याला पडदा होता. बाड्याच्या चौकापर्यंत तो लावलेला असणार आणि पुढे तिनं काढला असणार, असं मला आपलं वाटतं.

हे होळीच्या आसपासचं. कुसुम अजून बऱ्हाणपूरलाच आहे. मध्यंतरी दिनकर कामासाठी इकडून गेला तेव्हा दवाखान्यात डोकावला. म्हणाला, डाग कडेनं भरतोय, मधला ठिपका राहिलाय, आणि धाकटीला स्थळं येताहेत. कुसुम घरी मुलींना शिकवते आणि सासरचं नाव निघालं की गप्प बसते.

त्या घरात डबा पुन्हा खाली आला. आता चांदणी नाही. विलायती, गुलाबी झाकणाचा. माईसाहेब म्हणतात, यात सफेदा नसतो, वर इंग्रजीत लिहिलंय. इंग्रजीत काय लिहिलंय ते त्यांनी कुणाकडून वाचून घेतलेलं नाही. थोरली जाऊ मात्र रात्री गोड्या तेलानं सगळं उतरवते, गुपचूप, जिन्याखाली. लष्करात सुधारणा बहुधा जिन्याखालीच होते.

आणि वसंतराव. ते मला श्रावणात सराफ्याजवळ भेटले. छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. तब्येत विचारली, दवाखाना कसा चाललाय विचारलं. मग एकदम म्हणाले, "कशी दिसते हो ती?"

आठनऊ महिने संसार केलेला माणूस पट्टीवालीला भर रस्त्यात विचारतो की माझी बायको कशी दिसते. मला तोंडाशी काय काय आलं ते संपादक छापणार नाहीत. मी म्हटलं, बऱ्हाणपूरची गाडी रोज आहे.

ते अजून गेलेले नाहीत. माईसाहेबांच्या पुढे निघवत नाही, असं ऐकते. कचेरीत वरिष्ठांना रजेचं कारण काय सांगायचं हाही प्रश्न असेल. बायकोचं तोंड बघायला जातो, हे कारण दरबारच्या नियमांत बसत नसावं.

हा अंक त्यांच्या घरी दरवर्षी जातो. वसंतराव तो अथपासून इतिपर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. तो तुमच्याही घरी आलाय. वाचून झाल्यावर हीच पानं लालाजींकडे गेली आणि त्यांत पुडी बांधली गेली तरी माझी तक्रार नाही. फक्त छापील बाजू बाहेर ठेवायला सांगा.

पण त्याआधी तुमच्याकडून एक हवंय. नरकचतुर्दशीला पहाटे घरातलं प्रत्येक माणूस उटणं लावून न्हाईल. वर्षातली ती एकच पहाट अशी की सगळ्यांची तोंडं खरी असतात. त्यानंतर डबा उघडू देऊ नका. सासूबाई, आधी तुमचा. पाडव्याला बायको ओवाळायला येईल तेव्हा तबकाकडे बघू नका, तिच्या तोंडाकडे बघा आणि पुढल्या वेळी वाटेत कुणाला विचारावं लागणार नाही इतकं नीट बघा. आणि ती ओवाळायला घरात नसेल, तर वसंतराव, स्टेशनवर जा.